१७२ विकून पुढे काय? बोनान्झा, सिरस, मूनी की मुकाट्याने १८२

हवाहवासा
नमस्कार मंडळी. इथे विमान चालवणारे बरेच सभासद आहेत हे मागच्या धाग्यांवरून कळलंय, म्हणून विचारायचं धाडस करतोय.

मुक्काम सॅन होजे, विमान रीड-हिलव्ह्यू विमानतळावर. १९७८ सालचं सेसना १७२, एका मित्राबरोबर निम्म्या भागीत. मित्र आता सिॲटलला चाललाय, त्यामुळे विमान विकायचं ठरतंय. माझे साडेतीनशेच्या आसपास तास झालेत, इन्स्ट्रुमेंट रेटिंग (ढगांत फक्त उपकरणांवर उडायची परवानगी) गेल्या वर्षी झालं. घरात बायको आणि दोन मुलं, वय ९ आणि १२. बहीण पोर्टलंडला असते आणि आमच्या निम्म्या फेऱ्या तिकडेच होतात. अंतर ५०० नॉटिकल मैल. १७२ ने जायचं तर वाटेत रेडिंगला उतरून इंधन भरा, मुलांना बाथरूमला न्या, परत निघा. सगळा दिवस त्यात जातो.

बजेट अडीच लाख डॉलर. मन बोनान्झा ए-३६ वर बसलंय, पण हँगरमधला प्रत्येक जण वेगळंच सांगतो. चाकं आत घेणारं विमान मी आजवर चालवलेलं नाही. ज्यांनी असं जुनं, दणकट इंजिनाचं विमान घेतलंय त्यांनी खरं काय ते सांगा. खर्चाचंही सांगा, घरी दाखवणार नाही.

खटपट्या
जागा धरून ठेवतोय. चहा टाकला आहे.

नाना_ड्युलूथ
प्रश्नातच उत्तर आहे. बायको आणि दोन मुलं म्हणालात ना? मग सिरस एसआर२२. २००३ ते २००६ च्या दरम्यानचं विमान तुमच्या बजेटात बसेल. ३१० हॉर्सपॉवरचं कॉन्टिनेन्टल आयओ-५५० इंजिन, १७० नॉटच्या (तासाला नॉटिकल मैलांच्या) पुढे वेग, चाकं खालीच असल्यामुळे ती सोडायला विसरण्याचा प्रश्न नाही, आणि वर अख्ख्या विमानाला पॅराशूट. तुम्हाला काही झालं तर शेजारी बसलेली बाई लाल दांडा ओढू शकते. बोनान्झात ती काय ओढणार?

अनघा_ऑस्टिन
नाना, तुमचं सिरसप्रेम आम्हाला ठाऊक आहे. :-)

हवाहवासा, आमच्याकडे ए-३६ आहे, म्हणून थोडं सविस्तर लिहिते. आधी वेग विसरा आणि वजन लिहून काढा. चौघांचं मिळून ५०० पौंड धरू, सामान ८० पौंड. बहुतेक ए-३६ मध्ये रिकाम्या विमानावर बाराशे पौंडांच्या आसपास घालता येतं. टाकीत वापरण्याजोगं ७४ गॅलन, म्हणजे ४४४ पौंड. तुम्ही चौघं, सामान, पूर्ण टाकी, आणि वर बहिणीने दिलेला फराळही बसतो. त्या काळातल्या एसआर२२ मध्ये भरलेल्या टाक्यांनंतर साधारण साडेपाचशे पौंड उरतात. अर्थात पोर्टलंडला जायला पूर्ण टाकी लागत नाही, त्यामुळे सिरस बाद होतं असं मी म्हणत नाही. पण ज्या विमानाचा सौदा कराल त्याच विमानाचा वजनाचा कागद मागा. जाहिरातीतल्या आकड्यावर जाऊ नका. एअर कंडिशनर, जुनी न काढलेली उपकरणं, दोनदा चढवलेला रंग, सगळं त्या कागदावर दिसतं.

बोनान्झाची एक खोड मात्र लक्षात ठेवा. टाक्या पंखांच्या पुढच्या कडेला आहेत, त्यामुळे इंधन जळत जातं तसा गुरुत्वमध्य मागे सरकतो. निघताना मर्यादेत असलेलं विमान उतरताना मर्यादेबाहेर गेलेलं असू शकतं. मागच्या दोन खुर्च्यांवर माणसं आणि त्यांच्यामागे बॅगा असतील तर हिशोब दोनदा करायचा: एकदा निघतानाचा, एकदा उतरतानाचा.

जुना_खोंड
अनघाताईंशी सहमत. पण कुणी मूनीचं नाव घेईना म्हणून मी घेतो. डेन्व्हरला राहतो, १९८० चं एम२०जे आहे. २०० हॉर्सपॉवरचं लायकमिंग इंजिन, तासाला दहा गॅलन आणि १५५ नॉट. एवढ्या इंधनात एवढं लांब नेणारं दुसरं विमान दाखवा. पैसे निम्मे, उरलेल्यात मुलांची कॉलेजं.

गंमत म्हणजे कायद्याने माझं विमान 'हाय परफॉर्मन्स' नाहीच. नियम २०० पेक्षा जास्त हॉर्सपॉवरचा आहे आणि माझं बरोब्बर २०० चं. पण चाकं आत जातात, प्रॉपेलरचा कोन बदलतो आणि फ्लॅप (पंखांच्या मागच्या कडेचे खाली झुकणारे पत्रे) आहेत म्हणून ते 'कॉम्प्लेक्स' धरलं जातं. याउलट सेसना १८२ मध्ये २३० हॉर्सपॉवर आणि चाकं पक्की, म्हणून ते हाय परफॉर्मन्स, पण कॉम्प्लेक्स नाही. दोन्ही प्रकारची विमानं चालवायला परवानगीच्या सह्या लागतात, प्रशिक्षक त्या लॉगबुकात वेगवेगळ्या देतो. तुम्हाला ए-३६ साठी दोन्ही लागतील.

अनघा_ऑस्टिन
खोंडकाका, तुमच्या मूनीच्या मागच्या सीटवर बारा वर्षांचा मुलगा आणखी किती वर्षं बसेल?

जुना_खोंड
मुलगा वाढेपर्यंत त्याला कॅलिफोर्नियात विमानाने हिंडायचं नसेलच. तो फोनवर असेल.

धुळेकर
मी धुळ्याला बॉम्बे फ्लाइंग क्लबात शिकलो. १७२ तासाच्या हिशोबाने भाड्याने घेताना घाम फुटायचा. तुम्ही लोक "कोणतं घेऊ" म्हणून धागे काढता हे वाचूनच पोट भरलं. चालू द्या.

तेलकट_हात
मी डॅलसजवळ विमानांचा मेकॅनिक आहे, वार्षिक तपासणीवर सही करायचा अधिकारही आहे. वरची चर्चा छान आहे, पण तुम्ही लोक मॉडेलवर भांडताय. पन्नास वर्षांच्या विमानात मॉडेलपेक्षा ते विशिष्ट विमान कसं जगलं याला महत्त्व असतं.

सगळ्यात जास्त भीती मला कमी चाललेल्या विमानाची वाटते. जाहिरातीत लिहितात, "इंजिनाचे ओव्हरहॉलनंतर फक्त २०० तास". मग बघायचं, ओव्हरहॉल (इंजिन सुटं करून नव्यासारखं करणं) कधीचं? पंधरा वर्षांपूर्वीचं. म्हणजे वर्षाला तेरा-चौदा तास. लायकमिंगमध्ये कॅमशाफ्ट (व्हॉल्व्ह उघडणारा दांडा) वरच्या बाजूला असतो, उभ्या विमानात त्यावरचं तेल खाली उतरतं आणि दमट हवेत तो गंजतो. तो बघायचा तर सिलिंडर काढावा लागतो, आणि विकणारा सिलिंडर काढू देत नाही. कॉन्टिनेन्टलमध्ये कॅमशाफ्ट खाली आहे, तिथे हा त्रास कमी, पण सिलिंडर मधेच उघडावे लागण्याची तयारी ठेवा. त्यापेक्षा ओव्हरहॉलनंतर १२०० तास झालेलं पण दर आठवड्याला उडणारं विमान मी डोळे झाकून नव्हे, पण निम्मे झाकून घेईन.

खरेदीपूर्व तपासणीत कॉम्प्रेशनच्या (सिलिंडर किती दाब धरून ठेवतो त्या) आकड्यावर जास्त जीव टाकू नका. कॉन्टिनेन्टलमध्ये ८० पैकी साठ आलं म्हणून सिलिंडर गेला असं नाही. बोअरस्कोप (बारीक नळीवरचा कॅमेरा) आत घालून एक्झॉस्ट व्हॉल्व्ह बघा. कॉन्टिनेन्टलनेच २००३ पासून बोअरस्कोप तपासणीचा भाग केला आहे. जळायला लागलेल्या व्हॉल्व्हच्या तोंडावरचे रंगांचे गोल एका बाजूला सरकलेले दिसतात. मग तेलाचा फिल्टर कापून उघडायचा, कागद पसरून चुंबक फिरवायचा. लॉगबुकं पहिल्या दिवसापासूनची हवीत. "पहिलं लॉगबुक हरवलंय" म्हणणाऱ्याला किंमत पाडून मागायची किंवा नमस्कार करून निघायचं.

आणि हो, विकणाऱ्याच्या मेकॅनिककडून तपासणी करून घेऊ नका. तो माणूस चांगला असला तरी स्वतःच्याच सहीविरुद्ध कसा बोलेल?

खटपट्या
दादा, हा प्रतिसाद छापून ठेवतोय. मी गाड्याही असंच बघून घेत जाईन.

नवशिका_एन्जे
सेसना २१० कुणी सुचवलं नाही? तेवढ्याच पैशात सहा सीट मिळतात.

तेलकट_हात
२१० उत्तम ओझी वाहतं. पण १९६७ पासूनच्या विमानांत पंखांना बाहेरून टेकू नाही, सगळा भार केबिनच्या छतातून आरपार जाणाऱ्या तुळईवर. २०१९ च्या मे महिन्यात ऑस्ट्रेलियात माउंट आयझाजवळ सर्वेक्षण करणाऱ्या टी२१० चा पंख हवेतच निखळला. गंजाच्या खड्ड्यातून सुरू झालेली भेग. त्यानंतर २०२० मध्ये एफएएने (अमेरिकेच्या विमान वाहतूक नियामकाने) तपासणी सक्तीची केली. ती झाल्याची नोंद आणि त्यात काय सापडलं हे लॉगबुकात वाचल्याशिवाय २१० कडे बघू नका. तुळई खराब निघाली तर विमानाच्या किमतीतलाच मोठा घास जातो.

रॉकेट_सिंधुदुर्ग
व्ही आकाराची शेपटी असलेलं बोनान्झा घ्या की राव. दिसायला तोड नाही!

अनघा_ऑस्टिन
दिसायला खरंच तोड नाही. १९४७ पासून १९८२ पर्यंत बनत होतं. पण त्या शेपटीचे हलणारे भाग मॅग्नेशियमचे आहेत, गंजले की त्यांचे पत्रे मिळवताना नाकी नऊ येतात. शिवाय जुन्या व्ही-टेलच्या शेपट्या हवेत मोडण्याचे प्रकार झाले, १९८७ मध्ये एफएएने मजबुतीकरण सक्तीचं केलं. ते केलेलं असलं तर शेपटीची काळजी नाही, पण केबिन छोटी. चौघांच्या कुटुंबाला ए-३६ च बरं, आणि त्याचा मागचा दुहेरी दरवाजा एकदा वापरला की परत १७२ मध्ये चढवत नाही.

नाना_ड्युलूथ
आणि "डॉक्टरांचा कर्दनकाळ" ही पदवी याच व्ही-टेलला मिळाली होती, तेही सांगा ना ताई.

अनघा_ऑस्टिन
सांगते की. पदवी विमानाला दिली, चूक ढगांत शिरणाऱ्याची होती. १९५९ च्या फेब्रुवारीत आयोवात गायक बडी हॉलीला घेऊन पडलेलं विमान बोनान्झाच होतं. वैमानिक २१ वर्षांचा, इन्स्ट्रुमेंट रेटिंग नाही, रात्र, बर्फाची हवा. त्यात विमानाची शेपटी कशीही असती तरी काय फरक पडला असता? आणि नाना, सिरसच्या पहिल्या काही वर्षांचा इतिहासही तितकासा गोड नाही. पॅराशूट होतं, पण लोक ते वेळेवर ओढत नव्हते. प्रशिक्षणात "आधी ओढा, मग विचार करा" हे बिंबवायला लागल्यावर चित्र सुधारलं.

नाना_ड्युलूथ
हे मान्य. पण सुधारलं ना!

जुना_खोंड
त्या पॅराशूटची घडी दर दहा वर्षांनी बदलावी लागते, ते नाना सांगायला विसरले. १५-२० हजार डॉलर. २००५ चं विमान आज विकायला असेल तर ती केव्हा झाली आणि पुढची केव्हा, हे किमतीत धरा.

हवाहवासा
सगळ्यांचे आभार. इतकं मिळेल असं वाटलं नव्हतं. इन्शुरन्सबद्दल कुणी बोलेल का? ब्रोकरला फोन केला तर त्याने पहिला प्रश्न विचारला, चाकं आत घेणाऱ्या विमानाचे तास किती? मी म्हटलं शून्य. पलीकडे बराच वेळ शांतता.

कुलाबा_टू_कॅन्सस
बरोबर आहे. चाकं न सोडता उतरण्यात सहसा कुणाला इजा होत नाही, पण प्रॉपेलर जमिनीला लागला की इंजिन उघडून तपासावं लागतं आणि इन्शुरन्स कंपनीचा खिसा रिकामा होतो. आमच्या गटातल्या एकाला ए-३६ साठी पहिल्या वर्षी सात हजारांच्या आसपास प्रीमियम आला आणि एकट्याने उडण्याआधी प्रशिक्षकाबरोबर २५ तासांची अट. दुसऱ्या वर्षी बराच उतरला. तुमचं इन्स्ट्रुमेंट रेटिंग आहे, त्याने फायदा होईल.

सौदा करण्याआधी त्या विमानाच्या नोंदणी क्रमांकावर लेखी कोटेशन घ्या. विमान घेऊन मग इन्शुरन्स शोधणारे मी पाहिलेत.

अजून एक. १९८४ च्या आधीच्या बोनान्झात चाकांचा खटका उजवीकडे आणि फ्लॅपचा डावीकडे आहे, इतर विमानांच्या उलट. धावपट्टीवर उतरल्यावर सवयीने फ्लॅप वर घ्यायला हात जातो आणि चाकं वर येतात. १९८४ पासून जागा बदलल्या. १७२ वरून येणाऱ्याने जमलं तर १९८४ च्या पुढचंच बघावं.

नवशिका_एन्जे
थोडं अवांतर. मी एच-१बी वर आहे. मला विमान घेता येतं का? की ग्रीनकार्डाची वाट बघत बसू?

कुलाबा_टू_कॅन्सस
घेता येतं, पण एफएएकडे स्वतःच्या नावावर नोंदवता येत नाही. नागरिक हवा किंवा ग्रीनकार्डधारक. एच-१बीवाले ट्रस्ट करतात, अमेरिकन विश्वस्ताच्या नावावर विमान आणि वापर तुमचा. वर्षाची फी पडते.

ग्रीनकार्डवाल्यांनाही एक फास आहे. दोघं ग्रीनकार्डधारक मित्र मिळून एलएलसी काढून तिच्या नावावर विमान नोंदवायला जातात आणि अर्ज परत येतो. कंपनीचा हिशोब करताना ७५ टक्के मताधिकार अमेरिकन नागरिकांकडे असावा लागतो, तिथे ग्रीनकार्ड नागरिकात मोजत नाहीत. दोघांनी व्यक्तिशः सहमालक म्हणून नोंदवलं तर चालतं.

नवशिका_एन्जे
दंडवत. म्हणजे ट्रस्टची फी भरण्यापेक्षा फ्लाइंग क्लबच बरा.

बे_एरियाचा_बाप्या
आपण तर शेजारीच निघालो, मीही रीड-हिलव्ह्यूला. मुख्य गोष्ट कुणीच बोललेलं नाही: इंधन. सांता क्लारा काउंटीने जानेवारी २०२२ पासून तिथे शिशाचं १०० एलएल विकणं बंद केलं. तुमच्या १६० हॉर्सपॉवरच्या १७२ ला ९४ ऑक्टेनचं यूएल९४ चालत होतं, म्हणून तुम्हाला चटका बसला नसेल. पण बोनान्झा-सिरसच्या आयओ-५२० किंवा ५५० इंजिनांत कॉम्प्रेशनचं प्रमाण ८.५ ला १. त्याला शंभर ऑक्टेनच लागतं, ९४ घातलं तर आत ठोके बसून पिस्टनची वाट लागेल. २०२४ च्या शेवटी तिथे शिसं नसलेलं जी१००यूएल आलं. एफएएची त्याला मान्यता आहे, पण सिरसने २०२४ मध्येच आपल्या विमानांना ते मंजूर नसल्याचं कळवलं होतं, आणि रंग व टाकीच्या सीलंटवरून (गळती रोखणाऱ्या लेपावरून) मालकांमध्ये वाद चालू आहेत. मूनीवाल्यांच्या तर टाक्याच पंखात सीलंट लावून केलेल्या आहेत.

माझा एक मित्र हिशोब करून शेजारच्या विमानतळावर जाऊन १०० एलएल भरतो आणि परत येतो. कॅलिफोर्नियात २०३१ पासून ते विकायलाच बंदी आहे. तेव्हा पाच-सात वर्षं ठेवायच्या विमानाला काय पाजणार, हे आत्ताच ठरवा.

जुना_खोंड
हा मुद्दा भारी काढलात. माझी टाकी एकदा सील करून झाली आहे, ते परत नको रे बाबा.

बे_एरियाचा_बाप्या
आणि कर! इथे विमान घेतलं की यूज टॅक्स (खरेदीवरचा राज्याचा कर), अडीच लाखांवर वीस हजारांच्या वर जातो. शिवाय काउंटी दरवर्षी मालमत्ता कर लावते. बहीण ओरेगॉनला आहे ना, तिथे सेल्स टॅक्स नाही. विमान तिच्या नावावर... नको, राहू दे, आयकरवाला इथे सभासद असेल.

कोपऱ्यातली_सीट
मी वैमानिक नाही, वैमानिकाची बायको आहे. सगळे वेग आणि इंजिन मोजताय, तर माझंही ऐका. आमच्याकडे वेगवान विमान आलं तेव्हा सांगितलं गेलं की आता हवेची चिंता नाही. त्या हिवाळ्यात शास्ता डोंगराजवळ ढगांत बर्फ धरतं म्हणून आम्ही अडकलो, जसे आधी अडकायचो तसेच. फक्त आता जास्त महाग विमानाशेजारी बसून अडकलो. रेडिंगचं मोटेल आम्हाला पाठ आहे.

हवाहवासा, घरच्यांना एकदा आणा त्या विमानात बसायला. आवाज किती, मागे ऊन किती लागतं, खिडकी कुठे आहे. तुम्ही पुढे बसता, तुम्हाला हे दिसत नाही.

अनघा_ऑस्टिन
ताई, +१००. ३०० हॉर्सपॉवरने बर्फ वितळत नाही. त्यासाठी बर्फात उडायची मान्यता असलेलं विमान लागतं, ते या बजेटात विसरा.

तेलकट_हात
आता मूळ प्रश्नाकडे येतो, कारण रात्रीचे अकरा वाजलेत आणि हिशोब कुणी केलाच नाही. ५०० नॉटिकल मैल. १७२ ला ११० नॉटने साडेचार तास, अधिक रेडिंग. ए-३६ ला १६५ नॉटने तीन तास. आणि १८२ ला? १३८ नॉटने ३ तास ३५-४० मिनिटं, न थांबता. म्हणजे रेडिंग दोन्हींनी सुटतं आणि फरक उरतो पाऊण तासाहून कमी. चाकं पक्की, इन्शुरन्स सौम्य, जुन्या १८२ पैकी बऱ्याच विमानांत कमी कॉम्प्रेशनचं ओ-४७० इंजिन, त्यामुळे इंधनाचाही ताप कमी. फक्त नाक जड आहे, नाकावर उतरवणाऱ्यांनी फायरवॉल (इंजिनामागची पत्र्याची भिंत) दुमडलेली असते, ती बघून घ्यायची.

अनघा_ऑस्टिन
हिशोब पुरा करा की. १८२ तासाला १३ गॅलन पितं, साडेतीन-पावणेचार तासांचे ४७-४८. ए-३६ तासाला १५, तीन तासांचे ४५. इंधन जवळपास तेवढंच! आणि मुलं पाच वर्षांनी केवढी होतील? तेव्हा १८२ च्या मागच्या सीटवर गुडघे हनुवटीला लागतील.

तेलकट_हात
इंधनाचं मान्य. पण मी इंधनाबद्दल कुठे बोलतोय? माझ्याकडे ए-३६ आणि १८२ दोन्ही वार्षिक तपासणीला येतात. चाकांच्या मोटरी, दोऱ्या, दांडे, दरवाजे, हे सगळं जॅकवर उचलून तपासायचं. बिलात ते दिसतं. पाच वर्षांत तुमची ती वाचलेली पाऊण-पाऊण तासं मला रोख पैशात मिळतात, मला काय, माझा धंदाच आहे.

नाना_ड्युलूथ
म्हणूनच म्हणतो, पक्की चाकं आणि वेग दोन्ही हवं तर...

खटपट्या
नाना!!

हवाहवासा
हे सगळं वाचून काल घरी तह झाला. बायकोने कोपऱ्यातल्या सीटताईंचा प्रतिसाद दोनदा वाचला. ठरलंय असं: येते काही महिने क्लबचं १८२ भाड्याने घेऊन पोर्टलंडच्या फेऱ्या करायच्या, आणि तेवढ्यात एका प्रशिक्षकाच्या ए-३६ मध्ये दोन्ही सह्या मिळवून दहा-पंधरा तास जमवायचे. मग ब्रोकरला परत फोन.

दरम्यान फीनिक्सजवळ एक १९८६ चं ए-३६ दिसलंय. आयओ-५५०, ओव्हरहॉल २००९, त्यानंतर ४१० तास. लॉगबुकं पूर्ण. मालक वयस्कर, वैमानिकाचा मेडिकल दाखला गेल्यामुळे विकतोय. २४० हजार मागतोय. रंग सुरेख. तेलकटदादा, ४१० तास म्हणजे तुमच्या हिशोबात कमीच ना?

तेलकट_हात
कमी आहेतच, पण फीनिक्सची हवा कोरडी, त्यामुळे लगेच काट मारू नकोस. एकूण आकडा सोड, शेवटच्या तीन वर्षांत किती उडलं ते महिन्यावारी काढ. तेल बदलल्याच्या नोंदी आणि तेलाचे लॅब रिपोर्ट माग. ८६ चं म्हणजे खटके योग्य जागी आहेत, ते बरं झालं. २४० हजारांत इंजिन नवं धरलेलं दिसतंय. उद्या ते बदलायची वेळ आली तर काढण्या-घालण्यासकट सत्तर-ऐंशी हजारांची तयारी लागेल, म्हणून बोली २१० हजारांपासून सुरू कर. ऊन तिथलं कडक, तेव्हा खिडक्यांच्या काचा, रबरी होज आणि इंधनाच्या टाकीच्या पिशव्या सुकल्यात का ते बघायला सांग. ओक्लाहोमा सिटीतल्या एफएएच्या नोंदणी कार्यालयातून मालकीची कागदपत्रं काढून विमानावर कर्ज नाही ना, हेही तपास. बोअरस्कोपचे फोटो आले की इथेच टाक, सहाही सिलिंडरचे.

जुना_खोंड
आणि रंग सुरेख आहे हे मालकाला कळू देऊ नका.